झारा, होडी आणि ग्रस्तास्त सूर्य

शनिवार, २२ ऑक्टोबर २०२२

दिवाळीत सगळी मुंबई गावाकडे निघते, त्यामुळे साताऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा आरामात मिळते. शेजारची सीटही रिकामीच होती. तिथं कॅमेऱ्याची बॅग बसवली. मांडीवर एक दिवाळी अंक होता, वाचायला नव्हे. त्याच्या पानांत सोलर फिल्मचा, म्हणजे सूर्याचा उजेड अडवणाऱ्या फिल्टरचा, तुकडा सपाट ठेवला होता. गुंडाळून नेला तर चुणी पडते, आणि चुणीच्या जागी बारीक भोक पडलं तर कॅमेऱ्याचा सेन्सरही जातो आणि डोळाही.

मी लग्नाचे फोटो काढतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागेपर्यंत स्टुडिओत पासपोर्ट फोटोंखेरीज काम नसतं. त्या रिकामपणात कधीतरी हा ग्रहणाचा नाद लागला. नाद लागला तरी पदरात काही पडलं नव्हतं. २६ डिसेंबर २०१९ला साताऱ्यावर ढग होते. २१ जून २०२०ला ढग होतेच, वर लॉकडाउन. या खेपेला मात्र तारीख ऑक्टोबरातली, पाऊस जायच्या बेतात असलेली. शिवाय पंचांगानं मेहेरबानी केली होती: नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २४ला. पाडवा आणि भाऊबीजही एकत्रच, २६ला. मधला मंगळवार मोकळा, आणि त्याच मंगळवारी खंडग्रास सूर्यग्रहण.

मुंबईच्या वेळा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या होत्या. स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, ४ वाजून ४९ मिनिटं, मध्य ५:४२, सूर्यास्त ६:०८. मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, सूर्यास्तानंतर. म्हणजे सूर्य ग्रहण लागलेल्या अवस्थेतच मावळणार. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. मुंबईत सूर्यबिंबाचा जेमतेम २४ टक्के भाग झाकला जाणार होता, दिल्लीला ४४. पण दिल्लीला समुद्र नाही. आणि साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा, सूर्य पंचांगाच्या आधीच मावळतो. ताई माहीमला राहते, भाऊबीज तिच्याकडे. लक्ष्मीपूजनाला घरी नसणार म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. स्टुडिओतल्या वहीची पूजा बायको करणार होती.

दुपारी दादरला उतरलो, ताईकडे सामान टाकलं आणि संध्याकाळी गिरगाव चौपाटी गाठली. तिथं माझ्या अर्ध्या योजनेवर पाणी पडलं. ऑक्टोबर संपत आला की सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सरकलेला असतो, आणि चौपाटीवरून त्या दिशेला समुद्र नाही, मलबार हिल आहे. सूर्यास्ताला वीसेक मिनिटं असतानाच बिंब इमारतींमागे गेलं. मरीन ड्राइव्हवरून चर्चगेटकडे चालत गेलो की राजभवनाचं टोक उजवीकडे सरतं आणि क्षितिज मोकळं होतं, पण मग समोर नुसता समुद्र. नुसत्या समुद्रावर पाव भाग खाल्लेला सूर्य म्हणजे मंडपाशिवाय नवरदेव. फोटो लागतो, पण लग्न कुणाचं ते कळत नाही.

रविवार, २३ ऑक्टोबर

सकाळी नकाशा, पट्टी आणि कोनमापक घेऊन बसलो. भाचा पाचवीत, त्याचंच कंपासपेटीतलं कोनमापक. माझ्या डोक्यात सी-लिंक होता, वांद्रे-वरळीचा समुद्रावरचा पूल. २५ तारखेला मुंबईत सूर्य साधारण २५७ अंशांवर मावळतो, म्हणजे बरोब्बर पश्चिमेच्या तेरा अंश डावीकडे. वांद्र्याच्या बाजूच्या उंच खांबातून ही रेघ उलटी ओढली तर ती माहीमच्या रेतीबंदराजवळ किनाऱ्याला लागते. ताईच्या घरापासून चालत जाण्यासारखं.

खांबाची उंची सव्वाशे मीटरच्या आसपास, रेतीबंदरापासूनचं अंतर नकाशावर जवळपास दोन किलोमीटर. म्हणजे खांबाचं टोक क्षितिजापासून साडेतीन अंशांवर दिसणार. सूर्य तिथं ५:५०च्या सुमारास येतो. मध्य ५:४२ला. आठ मिनिटांचा फरक. एवढं जुळलेलं मी पत्रिकेतही पाहिलेलं नाही.

मग खरी गोम लक्षात आली. दोन किलोमीटरवर एक अंश म्हणजे किनाऱ्यावर पस्तीस मीटर. सूर्याची रुंदी अर्धा अंश. म्हणजे मी अठरा-वीस मीटर इकडे-तिकडे झालो की सूर्य खांबाच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाणार. त्यात ऑक्टोबरात मावळायची जागा रोज थोडी दक्षिणेला सरकते. आज जिथं उभं राहून जुळेल तिथून मंगळवारी साधारण पंचवीस मीटर उजवीकडे जावं लागणार. म्हणून आजच जाऊन खूण करायची होती.

पण आज भारत-पाकिस्तान मॅच होती. मेलबर्नला, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. दाजी दीड वाजल्यापासून सोफ्यावर. पाच वाजता मी ट्रायपॉड उचलला तेव्हा कोहली खेळत होता आणि घरात श्वास घ्यायचीही चोरी होती. "सूर्य रोज मावळतो," दाजी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "हे रोज होत नाही." भाचा दारापर्यंत आला आणि परत फिरला. मी एकटाच निघालो. शीतळादेवीच्या पुढं गेलो तर रस्ता कर्फ्यू लागल्यासारखा. रेतीबंदराशी पोचतोय तोच चारी बाजूंनी फटाके सुरू झाले, त्यावरून निकाल कळला. कोहली नाबाद ८२, शेवटच्या चेंडूवर जिंकलो. आयुष्यातली एक चांगली मॅच मी फटाक्यांच्या आवाजावर पाहिली.

किनाऱ्यावर ओहोटी लागलेली, होड्या ओल्या वाळूत कलंडलेल्या, जाळ्यांचा आणि सुक्या मासळीचा वास. समोर सी-लिंकचे खांब आणि त्यांच्यापासून दोन्हीकडे उतरणाऱ्या केबली, वीणेच्या तारांसारख्या. वाळूत पुढंमागं करत शेवटी एक जागा सापडली, जिथून सूर्य नेमका खांबाच्या टोकावर टेकला. जवळच एक निळी होडी होती. तिच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सहा पावलं डावीकडे, असं वहीत लिहिलं. मग ट्रायपॉड उघडला आणि कळलं की कॅमेऱ्याखाली बसणारी प्लेट सोबत नाही. ती साताऱ्यात स्टुडिओतल्या दुसऱ्या कॅमेऱ्याला लागलेली होती. ट्रायपॉड आहे, कॅमेरा आहे, दोघांची गाठ घालणारा गुरुजी नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, फराळ. नऊला माहीमहून हार्बरनं सीएसएमटी. रविवारी फोर्ट बंद, आज लक्ष्मीपूजन, त्यामुळे दुपारपर्यंतच काय ते. बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांत काउंटर पुसणं, झेंडूच्या माळा बांधणं चाललं होतं. चार दुकानांत माझ्या मेकची प्लेट नव्हती. पाचव्या दुकानदारानं एका डब्यातल्या सुट्या प्लेटा माझ्यासमोर ओतल्या. त्यातली एक अर्धा मिलिमीटर सैल बसत होती. "कागदाची घडी घाला," तो म्हणाला. तीनशे रुपये. पूजेची घाई होती, त्याची आणि माझीही.

रात्रभर फटाके. गच्चीवरून बघताना सगळ्यांना रोषणाई दिसत होती, मला धूर. उद्या संध्याकाळी सूर्य क्षितिजापाशी येईल तेव्हा हा सगळा धूर त्याच्या वाटेत असणार.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

पहाटेपासून वेध. ताईच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, काटेकोर आहेत. फराळाच्या डब्यांत तुळशीची पानं टाकून झाली होती, ओटा धुऊन गॅस बंद. लहान मुलांना वेध नसतात या आधारावर भाचा सकाळपासून चकल्या खात होता. मावशींनी ऐंशी सालच्या ग्रहणाची गोष्ट सांगितली: १६ फेब्रुवारी १९८०, खिडक्यांना गोधड्या लावून सगळे आत, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माझी आठवण पंचाण्णवची. २४ ऑक्टोबर १९९५, तीसुद्धा दिवाळीच, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दूरदर्शनचं थेट प्रक्षेपण.

मला त्यांच्याकडून बुंदीचा झारा हवा होता. तो मागायचा कसा, याचा विचार मी सकाळपासून करत होतो.

"ग्रहणात झारा कशाला?"

"त्याच्या भोकांतून सूर्य पुठ्ठ्यावर पाडायचाय."

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घासून ठेवलाय. परत आणताना वाळू नको."

झारा हातात आल्यावर गॅलरीत करून पाहिलं आणि फसलं. सुईच्या भोकाच्या कॅमेऱ्याचा हिशेब सोपा आहे: पडदा जितका लांब, त्याच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढं सूर्याचं बिंब. दोन मीटरवर पुठ्ठा धरला तर बिंब पावणेदोन सेंटीमीटरचं. पण झाऱ्याची भोकं एकमेकांना खेटून, त्यामुळे बिंबांवर बिंबं चढली आणि पुठ्ठ्यावर नुसता उजळ डाग. पुठ्ठा जवळ धरला तर सूर्य नाही, भोकंच दिसतात. उपाय ताईनं काढला. टिकल्यांचं पाकीट आणून तिनं पाच भोकं सोडून बाकी सगळ्यांवर टिकल्या चिकटवल्या. आता पुठ्ठ्यावर पाच वेगवेगळे सूर्य पडले, चवलीएवढे गोल. मावशींनी लाल टिकल्यांनी भरलेला तो झारा पाहिला आणि काही न बोलता देवघरात गेल्या.

साडेचारला आम्ही रेतीबंदरावर. मी, भाचा आणि चक्क दाजी. आज मॅच नव्हती.

निळी होडी नव्हती.

खूण म्हणून होडी निवडणारा शहाणा महाराष्ट्रात मीच असेन. तिथं जाळं विणत बसलेल्या एका काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "उधाणाची भरती आहे, होड्या वर घेतल्या सगळ्या." बरोबरच होतं. सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं, आणि अमावस्येला उधाण येणारच. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोन्ही गोष्टी एकाच कारणानं होतात. मी अंशांचे हिशेब करत बसलो आणि हे विसरलो. आता सुकतीला पाणी एरवीपेक्षाही लांब गेलं होतं, समोर ओल्या चिखलाचं मैदान. "फार पुढं जाऊ नका," काका म्हणाले, "तिपाई खचेल." ट्रायपॉडला इतकं नेमकं मराठी मी आजवर वापरलं नव्हतं.

कॅमेरा लावला. प्लेटखाली बसच्या तिकिटाची घडी. लेन्सच्या तोंडावर फिल्मची घरी केलेली टोपी, तीही तीन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधलेली, कारण खाडीचा वारा. व्ह्यूफाइंडरवर काळी पट्टी, चुकून डोळा जाऊ नये म्हणून. सगळं मागच्या स्क्रीनवर बघायचं. दहापट मोठं करून बिंबाची कड धारदार होईपर्यंत रिंग फिरवली आणि रिंगवरही पट्टी मारली. तीनशे मिलिमीटरच्या लेन्सवर सूर्य सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटरचा येतो. लोकांना वाटतं फ्रेम भरेल. फ्रेमच्या उंचीचा पाचवा भागही भरत नाही.

भाच्याला मी ग्रहणाचा चष्मा दिला आणि छातीठोकपणे सांगितलं, "वरून सुरू होईल, वरच्या कडेवर लक्ष ठेव." ४:४९ झाले. ४:५० झाले. मी स्क्रीनवर वरच्या कडेला डोळे लावून.

"मामा, उजवीकडे चेपलाय."

खरंच उजवीकडे. घड्याळात तीन वाजतात त्या जागी कड किंचित सपाट झाली होती, लाडू वळताना अंगठा लागावा तशी. माझी चूक अशी की मी छापील आकृती पाहिली होती. आकृतीत उत्तर वर असते. पण मुंबईत मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की आकाशाची उत्तर उजव्या हाताला येते. आकृतीतलं वरून म्हणजे माझ्यासमोर उजवीकडून. हे मी त्याला सांगितलं. त्यानं चष्मा न काढता विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?"

पाच वाजेपर्यंत आमच्याभोवती पंधरावीस जण जमले. चष्मे पाच. रांग लागली, दाजींनी आपण होऊन ती सांभाळायला घेतली, प्रत्येकी दहा सेकंद, मोठ्यानं मोजून. एक गृहस्थ एक्स-रेची फिल्म घेऊन आले होते. मी त्यांना थांबवलं तर म्हणाले, "पण झगझगीत तर दिसत नाही!" तेच तर वाईट. उजेड कमी होतो, अवरक्त किरण आत येतच राहतात, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. भाजतंय हे कळायला तिथं नसाच नाहीत. त्यांनी फिल्म घडी घालून खिशात ठेवली आणि रांगेत उभे राहिले.

सव्वापाचला झारा बाहेर काढला. भाच्यानं तो उंच धरला, दोन मीटरवर मी पुठ्ठा. पाच सूर्य उमटले, आणि पाचही एकाच जागी चावलेले, एकाच उंदरानं पाच बत्ताशे कुरतडावेत तसे. आभाळात चावा आता उजवीकडून वर चढू लागला होता, पुठ्ठ्यावर तो उजवीकडे खालच्या अंगाला. भोकातून प्रतिमा उलटी पडते. चष्म्याच्या रांगेतली मुलं सगळी इकडे आली. त्यांना आभाळातल्या एका सूर्यापेक्षा पुठ्ठ्यावरचे पाच जास्त पटत होते. एका कोळीण आजीनं झाऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "टिकल्या कशाला?" समजावून सांगायला मला बुंदी पाडण्यापासून सुरुवात करावी लागली.

इकडे दर पाच मिनिटांनी एक फोटो. सुरुवातीला आयएसओ १००, एफ ८, शटर १/२५०. पण सूर्य जसा उतरला तसा धूर आणि बाष्प वाढत गेलं, शटर १/१२५, मग १/६०. मध्याला, ५:४२ला, बिंब क्षितिजापासून पाचेक अंशांवर, हात लांब करून आडव्या धरलेल्या तीन बोटांएवढं. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी झाला होता. आयएसओ ४००वर नेला तरी फोटो काळपट. आणि हा केशरी सूर्य खांबाच्या डावीकडे होता, चांगला एका बिंबाएवढा.

खाली येताना तो उजवीकडे सरकतो, दर तीन अंश उतरताना एक अंश. मी मनात हिशेब केला: खांबाच्या टोकापर्यंत येताना तो सरकेल, पण पुरेसा नाही. मला उजवीकडे जायला हवं होतं, दहा-बारा मीटर. कॅमेऱ्यासकट तिपाई उचलली आणि चिखलातून पळालो. लग्नात वरातीपुढं उलटं चालायची सवय आहे, तिचा इथं उपयोग झाला नाही. तिपाईचा एक पाय वीतभर रुतला. सरळ केला. बसचं तिकीट निसटलं होतं, प्लेट सैल झाली होती, लेन्स जडपणानं खाली झुकत होती. तिकीट शोधायला वेळ नव्हता. डाव्या हातानं लेन्स खालून धरून ठेवली.

५:४९. बिंब आता इतकं मंदावलं होतं की फिल्टरमधून खांब दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि खांब नाही तर फोटो नाही. डोळे स्क्रीनवर ठेवूनच टोपी काढली, शटर एकदम वाढवलं. एक फोटो. दुसरा. तिसऱ्याला हात हलला. खांबाचं टोक बिंबाच्या खालच्या कडेत शिरलं होतं, केबली त्याच्यापुढून तिरप्या गेल्या होत्या, आणि वर उजवीकडचा कोपरा गायब.

मग सूर्य समुद्रात बुडण्याची वाट बघत सगळे थांबले. पण मुंबईचा सूर्य दिवाळीत बुडत नाही, विरतो. ५:५८ला तो खांबाच्या मधोमध होता, सहा वाजता तिथं राखाडी पट्टा. पंचांगातल्या सूर्यास्ताला अजून आठ मिनिटं होती. एकानं विचारलं, "सुटलं का ग्रहण?" दाजी म्हणाले, "नाही, सूर्य सुटला."

परतताना अंधारून आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी ती हाक ऐकली, लहानपणी साताऱ्यात ऐकलेली, "दे दान, सुटे गिराण!" दाजींनी खिशातली नाणी दिली. घरी मावशी आंघोळ करून बसल्या होत्या. कुकर लागला होता. मी झारा नळाखाली धरून एकेक टिकली सोडवली, वाळू राहिली नाही ना ते बघितलं, आणि मगच आत नेऊन दिला.

बुधवार, २६ ऑक्टोबर

ताईनं ओवाळलं. ओवाळणी घालून झाल्यावर लॅपटॉप उघडला. पाच-पाच मिनिटांच्या चौदा फोटोंपैकी दोन वाऱ्यानं हललेले, बाकी लावून ओळ छान होते. खांबाच्या दोन फोटोंपैकी पहिल्यात सूर्य खांबाच्या टोकापासून थोडा डावीकडे निघाला आहे. अजून चार-पाच मीटर उजवीकडे जायला हवं होतं. दुसऱ्यात बरोबर आहे, पण कोपऱ्यात माझ्या डाव्या हाताचं बोट लेन्सपुढं आलंय, धूसर, तपकिरी. कापून काढता येईल. अजून काढलेलं नाही.

मावशींनी स्क्रीनवर झुकून बघितलं. सी-लिंक ओळखला. "आणि हे काय?" म्हणून बोटावर बोट ठेवलं.

एसटी दुपारी दोनची. फिल्म परत दिवाळी अंकात ठेवली आणि पानाच्या कडेला पेन्सिलनं पुढची तारीख लिहिली: २ ऑगस्ट २०२७. आपल्याकडून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण तेच, मुंबईत पुन्हा खंडग्रास, आणि ऐन पावसाळ्यात. दाजी खांद्यावरून वाचत होते.

"त्या दिवशी मॅच नाही ना, ते आधी बघ," म्हणाले.